कॉफीतला हिरवा हत्ती

गाण्यातली एकही ओळ खोडली नाही, म्हणून एगोन पेत्सोल्डचं डोकं फिरलं.

तसं त्याचं डोकं फिरायला फार काही लागत नसे. मोज्यांच्या कारखान्यात तो यंत्रं दुरुस्त करायचा, आणि एगोन नुसता समोर उभा राहिला तरी यंत्र घाबरून सुरू होतं असं तिथल्या बायका म्हणायच्या. पण सुट्टीच्या दिवशी अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवून तो ‘पेत्सोल्ड आणि मंडळी’ या वाद्यवृंदाचा म्होरक्या व्हायचा, आणि त्याच्या रागाला खरं खतपाणी तिथे मिळायचं. भिंतीच्या अलीकडच्या, पूर्वेकडच्या जर्मनीत साध्या नाचाच्या कार्यक्रमात स्वतःचं गाणं म्हणायचं तरी ते आधी सांस्कृतिक कचेरीत तपासून घ्यावं लागे. तिथे कॉम्रेड फोक्टबाई लाल पेन्सिल घेऊन बसलेल्या असत. ज्या बाईला ‘ला ला ला’ दोन सुरांत म्हणता येणार नाही, ती दुसऱ्याच्या गाण्यातले शब्द काढणार आणि दुसरे घालणार. आणि आपण ‘आभारी आहे, कॉम्रेड’ म्हणून बाहेर यायचं.

‘दूर’ या शब्दावर फोक्टबाईंचा विशेष डोळा होता. दूर म्हणजे कुठे? इथे काय कमी आहे? एगोनच्या गाण्यांत कुठे ना कुठे ‘दूर’ यायचाच आणि फोक्टबाई तो खोडून वर ‘पुढे’ असं लिहायच्या. ‘दूर त्या डोंगरावर’चं ‘पुढे त्या डोंगरावर’ झालं. ‘दूर गेलेल्या सखे’ची ‘पुढे गेलेली सखी’ झाली, आणि ते गाणं ऐकणाऱ्यांना सखीला कारखान्यात बढती मिळाली असावी असं वाटायचं.

या वेळी मात्र एगोनला ‘दूर’ हवाच होता. मार्चमध्ये त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. लग्नाच्या आधी ट्राउडेला तो म्हणाला होता, “तुला खूप दूर घेऊन जाईन.” मग भिंत बांधली गेली. दोघं जास्तीत जास्त दूर गेली ती युनियनच्या विश्रामगृहात, आणि तिथेही शेजारच्या खोलीत त्यांच्या खालच्या मजल्यावरचंच कुटुंब निघालं. तेव्हा एगोनने दुसरं वचन दिलं की, निदान गाण्यात तरी नेईन, आणि गाण्यात तुझं नाव असेल. महिला दिनाला कारखान्याच्या सभागृहात, सगळ्यांच्या समोर. ट्राउडे त्याच कारखान्यात मोजे बांधायच्या विभागात होती. तिने ही गोष्ट विभागात सांगितली, त्यामुळे ती रंगाईपासून भटारखान्यापर्यंत सगळ्यांना माहीत होती.

गाणं लिहायला लोथार किस्लिंग मदतीला आला होता. लोथार शाळेत रशियन शिकवायचा आणि उरलेल्या वेळात वाद्यवृंदांना गाणी जुळवून द्यायचा. शेवटची ओळ वाचून त्याने मान हलवली होती.

“ ‘इथून दूर, खूप दूर’? एगोन, ही बाई याचं ‘इथून पुढे, खूप पुढे’ करणार.”

“केलं तर मी तिची पेन्सिल मोडीन.”

“पेन्सिली त्यांच्याकडे खूप आहेत. यात एक हत्ती घालावा लागेल. हिरवा.”

“शुद्धीवर आहेस ना?”

“ऐक तर. समज, तू डोंगराचं चित्र काढलंस आणि मधोमध एक हिरवा हत्ती काढलास. तपासणारा काय म्हणेल? ‘छे छे, हा हत्ती काढा आधी!’ तू थोडी कुरकुर करायची आणि काढून टाकायचा. त्यालाही बरं वाटतं, आपण काहीतरी काम केलं म्हणून. डोंगराकडे मग कोण बघतंय?”

“म्हणजे मी मुद्दाम गाढवपणाची ओळ लिहायची?”

“इतकी गाढवपणाची, की फोक्टबाईंना दुसरं काही दिसताच कामा नये.”

एवढ्यात ट्राउडे कॉफी घेऊन आली. त्या वर्षी देशात कॉफीचा दुष्काळ पडला होता आणि सरकारने एक मिश्रण बाजारात आणलं होतं. त्यात अर्धी कॉफी आणि उरलेलं भाजलेले वाटाणे, राय नावाचं धान्य, बीट, जे काय असेल ते. त्याला उघड नावं ठेवायची सोय नव्हती, म्हणून लोक पेला ओठाला लावून फक्त “गरम आहे” एवढंच म्हणत. पेत्सोल्डांच्या घरी एरवी हा प्रश्न नसायचा, कारण ट्राउडेची बहीण भिंतीपलीकडे कासेलला राहायची आणि पार्सलातून खरी कॉफी पाठवायची. पण यंदा हिवाळा सुरू झाल्यापासून पार्सलच आलं नाही असं ट्राउडे म्हणत होती, आणि एगोन रोज सकाळी पोस्टखात्याला शिव्या घालत ते मिश्रण गिळत होता.

लोथारने एक घोट घेतला. ट्राउडे बाहेर जाईपर्यंत तो तोंडात तसाच धरून ठेवला. मग गिळला.

“वाटाणा!” तो कुजबुजला आणि त्याचे डोळे चमकले. “एगोन, सापडला हत्ती.”

आणि पहिल्या कडव्यात ओळ बसली:

*पंचवीस वर्षं एकच टेबल, एकच त्यावर दिवा,*
*तुझ्या कॉफीला वाटाण्याचा वास येतो नवा!*

सरकारी कॉफीची अशी उघड बदनामी जगातली कुठलीही फोक्टबाई ठेवणार नाही. दोघे पोट धरधरून हसले. ट्राउडेने आतून विचारलं, “काय झालं रे?” तर एगोन म्हणाला, “काही नाही, कॉफी गरम आहे!”

आणि आता गाणं परत आलं होतं. वर गोल शिक्का, खाली सही, आणि मध्ये लाल पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही.

लोथार तळघरात कोळशाच्या विटा रचत होता. एगोन जिना उतरला तो ओरडतच उतरला.

“एकही ओळ खोडली नाही तिने!”

“एकही नाही?”

“स्वल्पविरामसुद्धा नाही!”

“आणि ‘दूर’?”

“राहिलाय.”

“मग अभिनंदन!”

“अभिनंदन कसलं करतोस, गाढवा? हत्ती पण राहिलाय!”

लोथार कोळशावर बसला. पँट काळी होतेय हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

“म्हणू नकोस ती ओळ. गाळून टाक.”

“शिक्का बसलाय! फोक्टबाई स्वतः कागद घेऊन समोर बसणार. मागच्या साली शेजारच्या गावच्या पोरांनी शिक्का बसलेल्या ‘चांदणी’ऐवजी ‘चंद्र’ म्हटलं, तर परवाना गेला त्यांचा. कुठला चंद्र, का चंद्र, चंद्रावर कोण उतरलं होतं, इथपर्यंत चौकशी झाली!”

“मग म्हण. शिक्का त्यांचाच आहे. तुला कोण काय करणार?”

“मला सरकारची भीती वाटतेय होय? सरकार काय करायचं ते करू दे! अरे, पहिल्या रांगेत ट्राउडे बसणार आहे! पंचवीस वर्षांनी बायकोच्या नावाचं गाणं, सगळा कारखाना समोर, आणि मी काय सांगणार? तुझ्या कॉफीला वाटाण्याचा वास येतो!”

लोथारला हे सुचलंच नव्हतं. तो ब्रह्मचारी होता.

दुसऱ्या दिवशी एगोन कचेरीत गेला. कागद टेबलावर आपटून म्हणाला, “ही ओळ खोडा.”

फोक्टबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. इतक्या वर्षांत ‘खोडू नका हो’ म्हणून गयावया करणारे त्यांनी पुष्कळ बघितले होते. ‘खोडा’ म्हणून भांडायला आलेला हा पहिलाच होता.

“का? काय वाईट आहे या ओळीत?”

“वाचा ना. वाटाणा.”

“वाटाणा आपल्या सहकारी शेतावर पिकतो, कॉम्रेड पेत्सोल्ड. वाटाण्याबद्दल काही तक्रार आहे तुमची?”

“वाटाण्याबद्दल नाही.”

“मग कॉफीबद्दल आहे?”

हो म्हणावं, तर सरकारी कॉफीला नावं ठेवणारं गाणं आपण जाणूनबुजून लिहिलं अशी कबुली होत होती. नाही म्हणावं, तर ओळ तिथेच राहत होती. ज्या बाईने आयुष्यभर नको तिथे पेन्सिल चालवली, तिला आज हवी तिथे चालवायला सांगावं तर ती वाटाण्याची वकिली करत होती. रागाने एगोनचे कान तापले.

“माझ्या बायकोचा अपमान होतोय त्यात!” तो म्हणाला.

“तुमच्या बायकोचा काही अपमान होत नाही हो!” फोक्टबाई पटकन बोलून गेल्या आणि एकदम लाल झाल्या. “म्हणजे... आपल्याकडच्या स्त्रीला अशी थट्टा कळते, असं म्हणायचंय मला. या गाण्यातल्या कशालाही हात लावायचा नाही, असं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“मीच. आणखी कोण ठरवणार? तुम्ही दमलेले दिसताय. कॉफी घ्या.”

एगोनने घेतली. पहिल्या घोटाला त्याचे डोळे मिटले आणि दुसऱ्या घोटाला भडकून उघडले. अस्सल कॉफी होती! यात राय नव्हती, बीट नव्हतं, वाटाणा तर नावाला नव्हता. लोकांना वाटाणे पाजायचे आणि कचेरीत बसून स्वतः हे ढोसायचं! त्याला तो पेला भिंतीवर फेकून द्यावासा वाटला. पण कॉफी फारच चांगली होती, म्हणून आधी संपवली. मग दार आपटून तो बाहेर पडला.

घरी येताना त्याने ठरवलं की ट्राउडेला सरळ सांगून टाकायचं. ट्राउडे केसांना गुंडाळ्या लावून आरशासमोर बसली होती. निळा ब्लाउज इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टांगला होता.

“ट्राउडे, त्या गाण्यात ना, एक ओळ...”

“सांगू नकोस!” तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. “एक अक्षर सांगू नकोस. मला तुझ्या तोंडून स्टेजवरूनच ऐकायचंय. पंचवीस वर्षं थांबले, आता दोन दिवस काय?”

“अगं, पण ऐकशील तर...”

“खोडलं का रे त्यांनी काही?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही!” एगोन ओरडला.

“मग ओरडतोस काय? आनंदाची गोष्ट आहे ना?” ट्राउडे म्हणाली आणि आरशात स्वतःशीच हसली. ते हसू एगोनला तेव्हा साधंच वाटलं. तिने त्याच्यासाठी कॉफी आणून ठेवली होती. त्याने घोट घेतला, मनातल्या मनात फोक्टबाईंना, लोथारला, पोस्टखात्याला आणि अखिल वाटाणा जातीला शिव्या घातल्या, आणि म्हणाला, “गरम आहे.”

आता एकच उपाय उरला होता. ड्रम वाजवणाऱ्या गेर्टला त्याने बाजूला घेतलं.

“मी ‘तुझ्या कॉफीला’ म्हटलं, की पुढच्या शब्दावर झांज हाण. अशी हाण की तो शब्द कुणाच्या बापाला ऐकू येता कामा नये.”

“शिक्का?” गेर्टने विचारलं.

“शिक्का शब्दांवर असतो, झांजेवर नसतो.”

गेर्टला ते पटलं.

महिला दिनाला आमच्याकडे पुरुषांनी एप्रन बांधून बायकांना केक आणि कॉफी वाढायची, अशी पद्धत. वर्षातून एकदा दुपारी तासभर ही समता पाळली जाते आणि नंतरच्या बश्या बायका धुतात. सभागृह खच्चून भरलं होतं. पक्षाचे तालुका सचिव स्वतः फुलाफुलांचा एप्रन बांधून, हातात भली मोठी किटली घेऊन पहिल्या रांगेत वाढत होते. किटलीत अर्थातच मिश्रण होतं. बायका एक घोट घ्यायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “वा, गरम आहे.” ट्राउडे निळ्या ब्लाउजमध्ये मधोमध बसली होती आणि बांधणी विभागातल्या सगळ्या मैत्रिणी तिच्या आजूबाजूला. दुसऱ्या रांगेत फोक्टबाई कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“हे गाणं,” एगोन म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला, “माझ्या बायकोसाठी. ट्राउडेसाठी.”

टाळ्या पडल्या. शेजारणीने ट्राउडेला कोपराने ढोसलं. ट्राउडेने पर्समधून रुमाल आधीच काढून ठेवला.

*पंचवीस वर्षं एकच टेबल, एकच त्यावर दिवा...*

ट्राउडेने रुमाल डोळ्यांना लावला.

*तुझ्या...*

धडाम!

गेर्टने एक शब्द आधी झांज हाणली. आणि अशी हाणली की केक चावणाऱ्या बाया चावायच्या थांबल्या, मागे गप्पा मारणारे गप्प झाले, किटलीतून पेल्यात पडणारी धारसुद्धा मध्येच थांबली. त्या चिडीचूप सभागृहात, नाटकात राजा येणार असल्यासारखी, पुढची ओळ एकटी चालत आली:

*कॉफीला वाटाण्याचा वास येतो नवा!*

मग मागच्या रांगेत रंगाई विभागातल्या एका जाडजूड बाईच्या नाकातून कॉफी बाहेर आली. तिच्या शेजारची हसली. मग एक रांग, मग दुसरी, आणि मग सगळं सभागृह कोसळलं. बायका टेबलावर थापा मारत होत्या, डोळे पुसत होत्या, पेले उचलून एकमेकींना वास देत होत्या. कितीतरी महिने “गरम आहे, गरम आहे” म्हणून गिळलेलं सगळं एकदम वर आलं होतं.

सचिव किटली धरून उभे होते. रागवायला ते तयारच होते, त्यांचा चेहरा त्या दिशेने निघालाही होता. पण रागवायचं तर आधी त्या ओळीत सरकारची कॉफी आहे हे चारचौघांत कबूल करायला हवं होतं, आणि ती तर त्यांच्याच हातातल्या किटलीत होती. म्हणून ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

“घरोघरी हेच!” ते ओरडले. “कॉफी करावी पुरुषांनीच!”

“कॉम्रेड, तुमच्या किटलीलाही येतो हो वास!” मागून कुणीतरी म्हणालं.

“पुन्हा! पुन्हा!” बायका ओरडायला लागल्या. सचिवांनीही हात हलवून पुन्हा म्हणायची खूण केली, आता मागे हटून चालणार नव्हतं. फोक्टबाई कागदावर बोट ठेवून बसल्या होत्या आणि त्यांच्या खांद्यांना हसण्याचे गचके बसत होते. एगोनने ती ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा तेच. त्याच्या आयुष्यात इतकं डोक्यावर कुणी त्याला घेतलं नव्हतं, आणि त्याला प्रत्येकाची मान मुरगळावीशी वाटत होती.

या देशात प्रत्येक ओळीच्या मागे दुसरी ओळ शोधायची सवय लहान पोरांनासुद्धा असते. त्या सभागृहात शब्दांचा सरळ अर्थ घेणारं एकच माणूस होतं, आणि ते पहिल्या रांगेतून उठून दाराकडे निघालं होतं. निळा ब्लाउज, ताठ मान. रुमाल खुर्चीवर राहिला होता.

एगोनला गाणं थांबवता येईना. थांबला असता तर पुढची कडवी गाळली असं झालं असतं. शेवटचं कडवं आलं तेव्हा बायका चमच्यांनी बश्या वाजवत “वाटाणा! वाटाणा!” असा ताल धरत होत्या. ज्या दोन ओळींसाठी हा सगळा उपद्व्याप केला, त्या एगोनने नरडं ताणून म्हटल्या, आणि त्याच्या त्यालासुद्धा ऐकू आल्या नाहीत.

घरी आला तेव्हा ट्राउडे स्वयंपाकघरात कोट घालूनच बसली होती. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. एगोन अ‍ॅकॉर्डियन उतरवायचंही विसरला होता. तो आत आला तसा त्यातून एक सूर रडल्यासारखा निघाला.

“तोंडावर सांगायचं होतंस,” ट्राउडे म्हणाली. “घरात सांगायचं. सगळ्या कारखान्यापुढे?”

“ट्राउडे, तो हत्ती होता!”

“काय?”

“हिरवा हत्ती! मुद्दाम घातलेला!”

“हत्ती कुणाला म्हणतोस रे?” ट्राउडे उभी राहिली. “कॉफीवरून बोललास, आता अंगावरून बोलतोस?”

“अगं, तुला नाही! ओळीला! ती खोडली जायची होती! फोक्टबाईंनी तेवढी ओळ खोडायची आणि बाकीचं गाणं सुखरूप ठेवायचं, असं ठरलं होतं! लोथारचं डोकं! पण त्या बाईला आयुष्यात एकदा, एकदा खोडायला सांगितलं, तर म्हणे कशालाही हात लावायचा नाही असं ठरलंय! कुणी ठरवलं? का ठरवलं? माझ्याच नशिबी का?” त्याने टेबलावर मूठ आपटली. साखरेचं भांडं उडालं.

ट्राउडे हळूच खाली बसली.

“म्हणजे तुला माहीत नव्हतं?”

“काय माहीत नव्हतं?”

“कॉफीचं.”

“कॉफीचं काय?”

ट्राउडे टेबलावरची नसलेली साखर बोटाने गोळा करत राहिली. “मला वाटलं, तुला कळलं. म्हणून तू ते गाण्यात घातलंस. ‘नवा’ म्हणालास ना तू, ‘वास येतो नवा’. म्हटलं, आता सगळ्या गावापुढे फोडतोय माझं बिंग. कासेलची पार्सलं येत होती, एगोन. प्रत्येक महिन्याला येत होती.”

“मग कॉफी कुठे गेली?”

“फोक्टबाईंकडे.”

एगोनच्या डोळ्यांपुढे कचेरीतला तो पेला आला. तो कडक, तांबूस, देवाघरचा घोट.

“तू हिवाळ्यात गाणं लिहायला बसलास,” ट्राउडे म्हणाली, “आणि पहिल्याच दिवशी पेन्सिल फेकलीस. म्हणालास, काय उपयोग, ती बाई पुन्हा ‘दूर’चं ‘पुढे’ करणार. मग मी गेले तिच्याकडे. म्हटलं, बाई, या एका गाण्याला हात लावू नका, स्वल्पविरामालासुद्धा नाही. माझं गाणं आहे ते. आधी नाही म्हणाली. मग मी पिशवी उघडली. तो वास आला आणि ती गप्पच झाली बिचारी.”

एगोन उभाच होता. म्हणजे घरातली कॉफी फोक्टबाईंकडे गेली, म्हणून घरात वाटाणा आला. घरात वाटाणा आला, म्हणून लोथारला हत्ती सापडला. आणि तो हत्ती खोडला गेला नाही, कारण घरातली कॉफी फोक्टबाईंकडे गेली होती. त्याने हे एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने तपासून बघितलं. रागवायला कुठेच माणूस सापडेना. एवढा धगधगीत राग आणि तो ठेवायला जागा नाही! पोस्टखात्याची तर त्याला माफीच मागावी लागणार होती.

“आणि एवढं करून,” तो शेवटी म्हणाला, आणि आता त्याचा आवाज बसला होता, “ती शेवटची ओळ कुणी ऐकलीच नाही. सगळे खिदळत होते. चमचे बडवत होते, मूर्ख कुठले. जिच्यासाठी तू कॉफी दिलीस, जिच्यासाठी मी... ती ओळ गेली वाटाण्यात.”

“मी ऐकली.”

“तू तर निघून गेली होतीस.”

“सगळे हसत होते. मी हसत नव्हते ना. म्हणून ऐकू आली.” ट्राउडेने कोटाचं वरचं बटण उगाच काढलं आणि पुन्हा लावलं. “बाहेर खुंटीपाशी उभी होते. एक हात बाहीत, एक बाहेर. आणि आतून तुझा आवाज आला, तो बेसूर, भांडल्यासारखा. *कोट घाल, ट्राउडे, दार लाव, मागे नको बघू...* ”

*“इथून दूर, खूप दूर, कुठेतरी दोघं जगू,”* एगोन पुटपुटला.

“मी तेव्हा कोटच घालत होते, एगोन.”

मग ट्राउडे उठली, कोट काढून खुंटीला अडकवला आणि शेगडीवर पाणी ठेवलं. पेला त्याच्यासमोर ठेवून ती समोर बसली, हनुवटीला हात लावून.

“घे. आणि आज खरं सांग. कशी झालीये?”

एगोनने घोट घेतला. वाटाणा होता. भाजलेला, जळका, अस्सल सहकारी शेतावरचा वाटाणा. ओळ त्याच्या जिभेवर आलीच होती. त्याने ट्राउडेकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, ती स्वतःच्या हाताने खोडली.

“छान झालीये,” तो म्हणाला.